द्वारा 56 एपीओ

आपल्याकडे आभार म्हणजे कार्यक्रमाचा शेवटचा आयटम. माईकवर कोणीतरी नावं वाचत असतो आणि लोक खुर्च्या सरकवून चपला शोधायला लागलेले असतात. घरात तर थँक्यू म्हणायची सोयच नाही, चुकून म्हणलं तर समोरचा लगेच म्हणणार, "परकी झालीस का गं एवढ्यात?" त्यामुळे फौजेतल्या माणसाचे मनापासून आभार मानायचे म्हणजे नेमकं काय करायचं हे मला चाळिशी उलटली तरी कळलं नव्हतं. आता कळलंय असंही नाही. पण गेल्या दोन-तीन वर्षांत जे झालं ते लिहून ठेवावंसं वाटतंय. लांबेल, आधीच सांगते.

सुरुवात बरीच मागची आहे. मी पाचवी-सहावीत असेन, 1988-89चा काळ. शेजारच्या काकूंना लिहिता येत नव्हतं आणि त्यांचा थोरला मिलिटरीत होता. दर पंधरा दिवसांनी निळं आंतरदेशीय पत्र घेऊन त्या आमच्याकडे यायच्या, त्या सांगणार आणि मी लिहिणार. मजकूर साधारण तोच असायचा, आम्ही सगळे खुशाल आहोत, तुझी खुशाली कळव, तब्येतीला जप. पत्त्याची बाजू तर मला तोंडपाठ झालेली. आधी त्याचा नंबर, मग रँक, मग नाव, मग युनिट, आणि शेवटी द्वारा 56 एपीओ. बस. गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही. शाळेत पत्रलेखनाला पत्त्याचे वेगळे मार्क असायचे, आमच्या बाईंनी असलं पत्र बघितलं असतं तर दोन मार्क सरळ कापले असते. एकदा मी काकूंना विचारलं, हे 56 एपीओ कुठं आलं हो? त्या म्हणाल्या, "सरकारला ठाऊक. आपण टाकायचं."

ते गाव नव्हेच हे मला फार नंतर कळलं. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. ड्युटीवरच्या जवानांची पत्रं 56 नाहीतर 99 या नंबरावर जायची, 99 मुख्यतः पूर्वेकडच्यांसाठी, आणि कुठली पलटण आत्ता कुठे आहे हे लष्कराचं टपालखातं बघायचं. पाकिटावरून ठिकाण कोणाला कळू नये म्हणून. काकूंचा मुलगा तेव्हा श्रीलंकेत होता, आणि हे आम्हाला तो परत आल्यावर कळलं. म्हणजे मी दीड-दोन वर्षं एका परदेशात लढणाऱ्या माणसाला "तब्येतीला जप" असं लिहीत होते, आणि मला वाटत होतं तो दिल्लीच्या आसपास कुठेतरी असेल.

शांतिसेना 1987च्या जुलैत तिकडे गेली आणि शेवटची तुकडी 1990च्या मार्चमध्ये परत आली. मधल्या काळात आपले हजारावर जवान गेले. पण गेलो कशाला, ज्या तमिळ लोकांना वाचवायला गेलो त्यांच्याच वाघांशी, म्हणजे एलटीटीईशी, लढाई कशी काय जुंपली, जिंकलो की हरलो, हे इकडे कोणालाच धड सांगता येत नव्हतं, आणि जे सांगता येत नाही त्याची मिरवणूक काढता येत नाही. तो आला, सुट्टीभर राहिला, गेला. संध्याकाळी ओट्यावर रेडिओ घेऊन बसायचा. त्यातले सेल काढायचा, शर्टाच्या टोकाने एकेक पुसायचा, परत बसवायचा, रेडिओ लावायचाच नाही. मी बघत होते एवढंच मला आठवतंय. एक दिवस त्याने मला हाक मारली आणि म्हणाला, "पत्रं तू लिहायचीस ना? अक्षर सुरेख आहे गं. आमच्या तंबूत सगळ्यांना दाखवायचो." मी लाजून घरात पळाले. म्हणजे बघा, तो युद्धावरून आला आणि आभार त्याने माझे मानले.

मग 1999 उजाडलं. कारगिल. आता टीव्ही होता, रोज रात्री डोंगर दिसत होते, तोफा दिसत होत्या, तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दिसत होत्या, 527 जवान गेले आणि सगळा देश हळहळला. चौकाचौकात निधी गोळा होत होता, मीसुद्धा कॉलेजच्या मुलींबरोबर डबा घेऊन फिरले. काकूंचा मुलगा तेव्हा रिटायर होऊन घरी आलेला. त्याच्या दारात गेलो तर त्याने आत जाऊन पैसे आणले, डब्यात टाकले, आणि मी पावती फाडायला लागले तर हाताने नको म्हणाला. चेहऱ्यावर कडवटपणा वगैरे काहीही नाही. मला मात्र त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ वर्षांपूर्वी हाच माणूस याच दारात बसला होता आणि आमच्यातलं कोणीही डबा सोडा, साधा प्रश्न घेऊन आलं नव्हतं. जवान लढाई निवडत नाही, पाठवतील तिकडे जातो. आपण मात्र लढाई बघून आभार मानतो, आणि ही आपली खोड अजून गेलेली नाही, उलट स्टेटसमुळे वाढलीये असं माझं मत आहे. असो.

हे सगळं मी विसरले होते. मग बहिणीचा मुलगा म्हणाला, मला अग्निवीरची भरती द्यायचीये.

बहिणीचे मिस्टर कोविडच्या आधीच गेलेले, हा एकुलता एक. बहिणीने आधी दोन दिवस अबोला धरला, मग मला फोन केला, मग मी त्याला समजवायला गेले आणि त्यानेच मला गुंडाळलं. चार वर्षांनी शंभरातले पंचवीसच पुढे ठेवणार, बाकीच्यांचं काय रे, असं मी विचारलं तर म्हणाला, "मावशी, तुझ्या बँकेत चार वर्षांसाठी तरी घेतील का मला?" या योजनेबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका होत्या, आजही आहेत, पण तो वाद सरकारशी आहे. भरतीच्या मैदानावर मापाची टेप घेऊन उभ्या असलेल्या माणसाशी नाही.

तर टेपवाल्या माणसाबद्दलच लिहायचंय. परदेशात म्हणे भरती करणारे लोक मुलांच्या मागे फिरतात, शाळा-कॉलेजात जाऊन फौजेत या म्हणून सांगतात. आपल्याकडे उलटं आहे. मुलंच एवढी येतात की भरतीवाल्यांचं निम्म्याहून जास्त काम म्हणजे नाही म्हणणं. आणि त्या नाही म्हणण्याला किती किंमत असते ते आम्हाला एजंटमुळे कळलं.

2023 साली ऑनलाइन परीक्षा आधी आणि मैदान नंतर अशी नवी पद्धत सुरू झाली. भाचा परीक्षेत पास झाला आणि आठवड्याभरात बहिणीला एक फोन आला. माणूस गोड बोलत होता, आतपर्यंत ओळख आहे म्हणाला, अर्धे आत्ता द्या आणि नाही झालं तर परत. बहीण दागिन्यापर्यंत आलेली. ही "नाही झालं तर परत" काय भानगड असते ते मला बँकेतल्या एका रिटायर्ड सुभेदारांनी सांगितलं, आमच्याकडे सिक्युरिटीला होते. ते म्हणाले, मॅडम, हा माणूस काहीच करत नसतो. वीस जणांकडून घेतो, त्यातले पाच पोरं स्वतःच्या दमावर निघतात, त्यांचे पैसे खिशात घालतो आणि पंधरा जणांचे प्रामाणिकपणे परत करतो, वर नावही होतं की माणूस शब्दाचा पक्का. भरतीला एक पैसा लागत नाही, लष्कर हे प्रत्येक जाहिरातीत छापतं, दलालांपासून सावध राहा म्हणून. ते छापतात आणि आपण तीच जाहिरात हातात धरून दलालाला फोन लावतो.

बहिणीने पैसे दिले नाहीत. पण तिच्या मनातून ते गेलंही नव्हतं, त्यामुळे मैदानावर मुलाबरोबर मीच गेले.

भरती मध्यरात्रीपासून असते. दोन-अडीचला आम्ही पोचलो तेव्हा बाहेर शेकडो पोरं बॅग उशाला घेऊन आडवी झालेली, कोणी स्ट्रेचिंग करतंय, कोणी फाइल पंधराव्यांदा चेक करतंय, डोमिसाइल, मार्कशीट, जातीचा दाखला, चारित्र्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र, फोटो. आत सोडायचे फक्त उमेदवार. आम्ही घरचे जाळीच्या बाहेर, बहुतेक बापच, बायका मला धरून तिघी. आत लाइट लावलेले आणि त्या पांढऱ्या उजेडात वर्दीतली माणसं ओरडत होती, पण ते ओरडणं रागाचं नव्हतं, दोनशे पोरांना एका रेषेत बसवायचं तर आवाज तेवढाच लागतो.

1.6 किलोमीटर पळायचं. 400 मीटरच्या ट्रॅकचे चार राउंड. साडेपाच मिनिटांत आलात तर 60 पैकी 60 मार्क, त्या वर्षी पावणेसहापर्यंत आलात तर 48, त्यानंतर घरी. मग दहा पुलअप्सचे 40 मार्क, नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार करायचा, नागमोडी बीमवरून तोल सांभाळून जायचं. मग टेप. छाती 77 सेंटिमीटर आणि फुगवून पाच जास्त, उंची आपल्याकडच्यांना 168. पुढे मेडिकल, त्यात गुडघे जुळतात म्हणून, तळवे सपाट म्हणून, डोळ्याला नंबर म्हणून पोरं परत येतात. कानातला मळ साफ करून या असंसुद्धा जाहिरातीत लिहिलेलं असतं, मी वाचून हसले होते, मैदानावर नाही हसले.

पळण्याच्या शेवटाला एक दोरी असते. वेळ संपली की दोन जवान ती ताणतात, अलीकडचे पास, पलीकडचे नापास. मी जिथे उभी होते तिथून ती दोरी वीस-पंचवीस पावलांवर असेल. भाचा पहिल्या राउंडला सगळ्यांच्या पुढे होता, मी जाळीला बोटं घालून ओरडत होते. दुसऱ्याला दहावा-बारावा. तिसऱ्याला मला दिसेचना. आणि चौथ्याला तो दिसला तेव्हा तोंड उघडं, मान मागे पडलेली, हात बाजूला फेकत येत होता. दोरी त्याच्यापासून चार-पाच पावलांवर असताना वर आली. तो थांबलाच नाही, येऊन दोरीवर आदळला आणि तिथेच गुडघ्यावर बसला.

दोरीचं एक टोक धरलेले हवालदार होते. वय पस्तिशीचं, मिशी, सावळे, आपल्याकडचे नव्हते. त्यांनी दोरी दुसऱ्याकडे दिली, याला काखेत धरून उठवलं आणि चालवत बाजूला आणलं, बसू देत नव्हते, चल चल चल. मला वाटलं आता हाकलणार. ते म्हणाले, "सोलह सौ मीटर दौड़ना था, पहले चार सौ में ही क्यों मर गया?" भाचा रडायला लागलेला. मग त्यांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ त्याच्या डोळ्यासमोर धरलं. पहिला राउंड ऐंशी सेकंद, दुसरा ऐंशी, तिसरा ऐंशी, चौथ्याला जे उरलं ते सगळं. घड्याळ घेऊन पळ, पोरांना बघून पळू नको. उमर कितनी? साडेअठरा. तो फिर रोता क्यों है, अगले साल आ. एवढं बोलून ते परत दोरीकडे गेले कारण पुढची बॅच सुटली होती. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा झालं नसेल.

त्या रात्री त्यांनी अशी किती पोरं उठवली माहीत नाही. मी तासभर अजून तिथे होते, कारण भाचा गाडीत बसायला तयार नव्हता, आणि मी बघत होते. प्रत्येक बॅचनंतर दोरीपलीकडे दहा-वीस पोरं पडलेली असायची. प्रत्येकाशी बोलायला वेळ कुठला, पण बसलेल्याला उठवून चालवायचं हे त्यांनी एकदाही चुकवलं नाही. आणि चार पावलं कमी पडली म्हणून सोडलंही कोणाला नाही. एक बाप जाळीतून हात जोडत होता, साहेब एवढ्या वेळी, साहेब एवढ्या वेळी. हवालदारांनी त्याच्याकडे बघून फक्त मान हलवली. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. दोरी दोन सेकंद उशिरा ओढली असती तर काय बिघडलं असतं. पण ती एकासाठी उशिरा ओढली असती तर त्या फोनवरच्या गोड माणसाचं म्हणणं खरं झालं असतं, आणि बहिणीला जन्मभर वाटलं असतं की दागिना दिला असता तर झालं असतं. ज्याला कुठलाच साहेब ओळखत नाही, ज्याच्या मागे कोणी नाही, अशा पोराला आयुष्यात एक तरी जागा हवी जिथे घड्याळ सगळ्यांचं सारखं चालतं.

वर्षभर तो घड्याळ घेऊन पळाला. 2024ला परत परीक्षा, परत मैदान. त्याने नंतर सांगितलं की चौथ्या राउंडला त्याने दोरीकडे बघितलंच नाही. साडेपाचच्या आत. मी तिथे त्या हवालदारांना शोधत होते. नव्हते. भरती ऑफिसला पलटणीतून लोक ठरावीक काळासाठी येतात आणि परत जातात, गेले असतील कुठेतरी. नाव मला माहीत नव्हतं, छातीवरची पाटी एवढ्या लांबून दिसली नव्हती.

भाच्याची कसम परेड, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरची शपथेची परेड, बघून आलो, बहीण सगळा वेळ रडत होती आणि मी रडायचं नाही असं ठरवून गेले होते ते काही जमलं नाही. घरी आल्यावर रात्री बसून भरती ऑफिसच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. कागदावर, पेनाने. 2023च्या भरतीत धावण्याच्या दोरीवर असलेले हवालदार साहेब यांस. पोरगा लागला, तुमचे ऐंशी सेकंद कामाला आले, वगैरे. पाकीट चिकटवताना मला हसू आलं, कारण परत तेच, गाव नाही, तालुका नाही, यावेळी तर नाव पण नाही. आपण टाकायचं. उत्तर आलेलं नाही, यायची अपेक्षाही नव्हती.

अशी पत्रं पोचायला किती वेळ लागतो याचा एक किस्सा मला फार आवडतो. नाईक यशवंत घाडगे, आपल्या रायगडच्या माणगाव तालुक्यातले, मराठा पलटणीचे. 10 जुलै 1944ला इटलीत लढताना त्यांच्या सेक्शनमधली जवळपास सगळी माणसं पडली, हे एकटे मशीनगनवर धावून गेले आणि तिथेच मारले गेले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि 2023च्या जुलैमध्ये तिथल्या मोंटोने नावाच्या छोट्याशा गावात त्यांच्या नावाचं स्मारक उभं राहिलं, पुतळा नाही, सूर्यघड्याळ. आपण सगळे एकाच सूर्याखाली, अशा अर्थाचं लॅटिन वाक्य आहे त्यावर. 79 वर्षांनी. ते काही इटलीसाठी लढायला गेले नव्हते, पाठवलं म्हणून गेले होते, साम्राज्य परक्याचं, जमीन तिसऱ्याचीच. तरी त्या गावाला वाटलं की आपल्या डोंगरात कुठूनसा आलेला एक पोरगा मेला, त्याची आठवण असावी.

आपल्याकडे दर वर्षी 7 डिसेंबरला ध्वजदिन असतो, 1949पासून. शाळेत वीस-वीस छोटे झेंडे वाटायचे आणि खपवून या म्हणायचे, लाल, गडद निळा, फिका निळा, तीन दलांचे तीन रंग. मी ते खपवायचा टार्गेट म्हणूनच बघितलं. त्या पैशातून जखमी जवान, वीरपत्नी, माजी सैनिक यांच्यासाठी कामं होतात हे कोणी नीट सांगितलं असतं तर वीस काय चाळीस खपवले असते. आता देते, पण ऑनलाइन दोन मिनिटांत देऊन मोकळं होता येतं आणि मोकळं झाल्यासारखं वाटतं, तेच मला खटकतं.

मागच्या दिवाळीच्या सुमारास भाचा पहिल्यांदा मोठ्या रजेवर आला. अग्निवीराला वर्षाला 30 दिवस रजा. त्यातले सहा त्याने एका सरकारी ऑफिसच्या बाकावर काढले. वडील जाऊन इतकी वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर वारसनोंद झालेली नव्हती, बहिणीला ते जमत नव्हतं. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला, दुसऱ्या दिवशी सर्व्हर डाऊन, तिसऱ्या दिवशी एक कागद कमी, चौथ्या दिवशी तो कागद नेला तर तो लागतच नाही म्हणे. सहाव्या दिवशी संध्याकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा इतका दमलेला होता की मैदानावर दोरीवर आदळला तेव्हाही इतका नव्हता. मी म्हणलं, तुमच्या युनिटकडून कलेक्टरला पत्र जातं ना अशा कामासाठी? म्हणाला, जातं, पण एवढ्यासाठी सीओ साहेबांपर्यंत, कमांडिंग ऑफिसरपर्यंत, कुठं जायचं मावशी, तिथे लोकांचे खरे प्रॉब्लेम असतात.

मला त्याच्यासाठी स्टेटस ठेवता आलं असतं. ते न ठेवता मी म्हणलं, ती फाइल इकडे दे आणि उरलेले दिवस झोप काढ. बहिणीची सही घेतली, अर्ज परत पहिल्यापासून केला, पोच घेतली, आणि बँकेतून हाफ डे टाकून जात राहिले. फेरफार नोंद धरली, मग नोटिशीचे पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची सही. मला सतरा खेपा पडल्या, मोजल्यात. बाकावर बसून बसून एक गोष्ट कळली, तिथे अजून दोन फौजींच्या बायका होत्या. एकीचा फॉर्म मी भरून दिला. माझं अक्षर अजूनही बरं आहे.

गेल्या महिन्यात नवा सातबारा हातात आला. बहिणीचं नाव, त्याचं नाव. मी मोबाइलवर फोटो काढून त्याला पाठवला. एकच टिक. तो आता कुठे आहे हे मी विचारत नाही आणि तो सांगत नाही, उंचावर आहे आणि थंडी आहे एवढं बहिणीला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी एकच टिक. तिसऱ्या दिवशी पण. चौथ्या दिवशी दुपारी दोन झाल्या, निळ्या झाल्या, आणि खाली आलं, "थँक्यू मावशी."

मी लगेच लिहिलं, परका झालास का रे एवढ्यात?

त्यावर अजून एकच टिक आहे.